अर्धी गोळी

रेवदंडा, २०२४

१ जून
मासेमारी बंद झाली. होड्या वर ओढल्यात, ताडपत्र्या घातल्यात. हात सकाळपासून जळतोय, काखेपासून करंगळीपर्यंत. उजवाच. लिहिताना थांबावं लागतं.

३ जून
निसर्ग वादळाला आज चार वर्षं. हे वाडीत फिरून आले. आडव्या झालेल्या पोफळींच्या जागी लावलेली रोपं माझ्या डोक्याच्या वर गेली म्हणतात. फळ अजून नाही. वादळ आलं तेव्हा माझं रेडिएशन नुकतंच संपलं होतं. अंगणभर नारळ पडले होते आणि मला वाकता येत नव्हतं.

६ जून
परळ. इस्पितळातल्या तपासण्या स्वच्छ. गाठ नाही, कुठे पसरलेलं नाही. यांच्या डोळ्यांत पाणी आलं.
मग डॉक्टरबाई म्हणाल्या, "आता गोळ्यांकडे बघू या."
मॉर्फिन, दिवसाला ६० मिलिग्रॅम. सकाळी सहा, दहा, दुपारी दोन, संध्याकाळी सहा, एकेक. रात्री दहाला दोन, म्हणजे मध्यरात्री उठावं लागत नाही. गाठ होती तोवर या गोळ्यांबद्दल कुणी काही विचारलं नाही. आता थोड्या थोड्या कमी करून बघायच्या. महिनाभर दुपारची अर्धी, बाकी तशाच.
वही ठेवायला सांगितली. "दुखणं दहापैकी किती ते लिहा. पण दिवसभरात काय काय केलंत ते जास्त लिहा."

७ जून
हे म्हणाले, रोग गेला तर गोळी कशाला? म्हटलं, आता रोगानं दुखत नाही, उपचारानं दुखतं. किरणांनी काखेतल्या नसा भाजल्या. गाठ गेली तरी त्या भाजलेल्याच राहिल्या. यांनी मान हलवली. पटलेलं दिसलं नाही.

१० जून
बाजारात शेवळं आली. काकडंही. साफ केली, चिरली. दुखणं पाच. दुपारी अर्धी गोळी. तीनला हात जड झाला. कपडे वाळत घातले, दोरी खाली बांधून घेतली.

१३ जून
सात. दुपारभर आडवी.

१६ जून
सहा. नातवाच्या वह्यांना कव्हरं घातली. पोट साफ व्हायची गोळी रोज घ्यावीच लागते. सुरुवातीची गुंगी आठवडाभरात गेली होती, मळमळही गेली. बद्धकोष्ठ काही जात नाही. शरीर बाकी सगळ्याला सरावतं, त्याला सरावत नाही, असं डॉक्टरबाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

१९ जून
औषधाच्या दुकानात विचारलं, मॉर्फिन ठेवाल का? मुलगा ओळखीचा, माझ्या वर्गात शिकलेला. "बाई, नको. साध्या ट्रामाडॉलला रजिस्टर भरावं लागतं, चिठ्ठीशिवाय देता येत नाही. २०१८पासून तर तेही नार्कोटिक्सच्या कायद्यात आलंय. तुमचं औषध कोण ठेवणार?"
त्याचा राग नाही आला. कायदा मी वाचलाय. १९८५चा. औषधासाठी मॉर्फिन ठेवायचं तरी वेगवेगळ्या खात्यांचे परवाने लागत. एक हातात येईपर्यंत दुसऱ्याची मुदत संपे. दवाखान्यांनी नाद सोडला. १९९७ साली अख्ख्या देशात औषध म्हणून अवघं १८ किलो मॉर्फिन वापरलं गेलं. अफू आपल्याच देशातली, नीमच-मंदसौरच्या शेतांतली, सरकारच्या परवान्यावर पिकवलेली.
२०१४ साली संसदेनं कायदा दुरुस्त केला. मान्यता मिळालेल्या संस्थेला आता एकच परवानगी पुरते. केरळातल्या डॉ. राजगोपाल यांच्यासारखी माणसं त्यासाठी वर्षानुवर्षं झटली. म्हणून मला परळला तरी मिळतं.

२३ जून
सहा. दोन्ही वेळचा स्वयंपाक केला. पोळ्या सुनेनं लाटल्या.

२६ जून
अमली पदार्थविरोधी दिन. शाळेची फेरी आमच्या गल्लीतून गेली. पावसात मुलं, रेनकोट, हातात फलक, घोषणा. नातवाच्या फलकावर कवटी आणि गोळ्या काढलेल्या. मी ओटीवर उभी होते. त्यानं हात हलवला. मीही हलवला, डावा.
इतकी वर्षं अशा फेऱ्या मीच काढल्या. घोषणा मीच लिहून दिल्या. त्या खोट्या नव्हत्या. एम्सच्या २०१९च्या अहवालात अफू, हेरॉईन आणि त्याच जातीच्या दुखण्याच्या गोळ्या वापरणारे सुमारे २ कोटी २६ लाख दिलेत. एकाच देशात हेही खरं आणि ते १८ किलोही खरं.

२७ जून
नातू जेवताना: "आजी, तू अफू खातेस?"
रिक्षा स्टँडवर कुणी बोललं म्हणे. सून त्याला गप्प करायला लागली. मी म्हटलं, विचारू दे. माझं औषध अफूपासूनच होतं. डॉक्टर मोजून देतात, मी घड्याळ बघून घेते. तो म्हणाला, "मग ते वाईट की चांगलं?"
म्हटलं, कशासाठी घेतो आणि घेतल्यावर आपलं काय होतं, त्यावर आहे.
त्याचं समाधान झालं. माझं नाही.

२८ जून
रात्रभर दादा डोळ्यांसमोर. १९८२चा संप. गिरणी बंद, घरात पाच तोंडं. आधी दारू नव्हती, काहीच नव्हतं. मग गर्द. पन्नी, काडेपेटी, संडासाची कडी आतून लावलेली. आईची तांब्याची घागर गेली, मग माझ्या लग्नासाठी जमवलेली भांडी. दर वेळी डोळ्यांत डोळे घालून सांगायचा, "शपथ, मी नाही नेलं."
हे मी डॉक्टरबाईंना कधी सांगितलेलं नाही. कुणी विचारलं नाही.

४ जुलै
सहा. गोळ्या ९च्या सकाळपर्यंत पुरतील. ९ला परळ आहेच.

७ जुलै
काल रात्रीपासून धो धो. लाईट नाही.

८ जुलै
बोट बंद. एस.टी. पुढे सोडत नाहीत, रस्त्यावर पाणी. मुलाची थळच्या कारखान्यात डबल ड्युटी, बदली माणूस पोचला नाही. गोळ्या राहिल्या थोड्या. आजपासून दिवसाला तीनच. हे म्हणाले, तेवढ्यानं काय होतंय.

९ जुलै
बोट बंदच. फोनला रेंज नाही. हात आठ. रात्री शेवटची घेतली.

१० जुलै
पहाटेपासून जांभया. एकामागून एक, जबडा दुखेपर्यंत. झोप मात्र नाही.
दुपार: नाक, डोळे वाहतात. सर्दी नाही. अंगावर काटा येतो, जातो, पुन्हा येतो. घाम.
संध्याकाळ: जुलाब. पायांना स्वस्थता नाही. हात नऊ.
ही लक्षणं मी पूर्वी पाहिली आहेत. चाळीतल्या खाटेवर. आई कपाळावर ओलं फडकं ठेवायची आणि तो ते भिरकावून द्यायचा.

११ जुलै
मी दादासारखी झाले.

११ जुलै, रात्र
फोन लागला. सगळं सांगितलं. डॉक्टरबाई शांत होत्या. "औषध तुटल्याचा हा त्रास आहे. मीठ-साखर-पाणी घेत राहा. घरचं कुणी निघालंय ना?" हे दुपारीच निघाले होते. पनवेलपर्यंत मिळेल त्या गाडीनं, पुढे लोकल.
"गोळ्या आल्या की लगेच पूर्वीएवढ्या घ्यायच्या नाहीत. पहिल्या दिवशी निम्म्या. मधे खंड पडला की शरीराची सहनशक्ती उतरते."
गावातल्या डॉक्टरांनी जुलाब थांबायचं औषध दिलं. तेही भिजत आले होते.

१२ जुलै
हे रात्री परतले. चपला तुटलेल्या. अर्धी गोळी घेतली. पाऊण तासानं जांभया थांबल्या.
यांनी विचारलं, "एवढं होतं?" बाकी काही बोलले नाहीत. पाय चेपत बसले.

१४ जुलै
पाच. अंघोळ स्वतः केली. भात केला.

१७ जुलै
आषाढी. खिचडीसाठी दाणे कुटून दिले, डाव्या हातानं.

१९ जुलै
परळ. आज विचारायचं ठरवूनच गेले होते. विचारलं. "मला व्यसन लागलंय का?"
त्यांनी पेन खाली ठेवलं.
"त्या दोन दिवसांत झालं, ते कुणालाही होईल. महिनोन्‌महिने मॉर्फिन घेणाऱ्या कुणाचंही औषध एकदम तोडलं तर शरीर असंच उसळतं. स्टेरॉइडची गोळी एकदम बंद केली तरी शरीर बिघडतं. स्टेरॉइडचं व्यसन लागलं असं आपण म्हणत नाही. शरीर अवलंबून आहे, एवढाच त्याचा अर्थ."
मग व्यसन कशाला म्हणायचं?
"ओढ लागते. ताबा सुटतो. ठरवलं त्याहून जास्त घेतलं जातं. नुकसान समोर दिसतं आणि तरी घेतलं जातं. घर, काम, माणसं मागे पडत जातात, औषध पुढे येतं." अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या २०१३च्या नियमपुस्तकातही तसंच आहे म्हणाल्या. डॉक्टरांच्या देखरेखीखाली औषध घेणाऱ्याला जास्त डोस लागायला लागला किंवा औषध तुटल्यावर त्रास झाला, तर त्या दोन गोष्टी व्यसनाच्या खुणांमध्ये धरत नाहीत.
मग प्रश्न. सांगितल्याहून जास्त कधी घेतली? नाही. मुदतीआधी संपली? या पावसातही नाही. दुसऱ्या डॉक्टरांकडून आणली? नाही. झोपेसाठी, उदास वाटतं म्हणून? नाही. घरात कुणाला व्यसन?
दादाचं सांगितलं. पहिल्यांदाच.
त्यांनी लिहून घेतलं. "हे महत्त्वाचं आहे. भावाला होतं म्हणून तुम्हाला होईलच असं नाही. पण धोका इतरांपेक्षा थोडा जास्त धरायचा."
म्हणजे मला लागणार नाही असं नाही?
"तसं मी म्हणणार नाही. म्हणून तर दर वेळी विचारणार."
खोटा दिलासा दिला नाही. त्यानं बरं वाटलं.
आता सकाळी दहाचीही अर्धी. ५०. शिवाय दोन-चार दिवसांच्या गोळ्या नेहमी हाताशी राहतील अशा बेतानं पुढची तारीख.

२० जुलै
वहीची मागची पानं चाळली. १० जूनला शेवळं, १६ला वह्या, २३ला दोन वेळचा स्वयंपाक. दादाच्या त्या दिवसांची अशी वही कुणी ठेवली असती तर? गर्द आणलं, ओढलं, संपलं, आणायला गेला. दुसरं काही लिहायला मिळालं नसतं.

२५ जुलै
पुन्हा झोडपतोय. गोळ्या आहेत. झोपले.

२८ जुलै
रविवार. भाच्याचा न्यू जर्सीहून फोन. तो तिथे फार्मासिस्ट. आईकडून कळलं म्हणाला. "मावशी, सोड ते. इथं माणसं मेली त्यानं."
त्याला बोलू दिलं. १९८० साली एका मोठ्या वैद्यकीय नियतकालिकात पाच वाक्यांचं पत्र आलं. इस्पितळात ही औषधं दिलेले ११,८८२ रुग्ण तपासले, व्यसन लागलेले चार सापडले. इस्पितळातले, थोड्या दिवसांचे रुग्ण. पण वर्षानुवर्षं घरी गोळ्या घेणाऱ्यांनाही तेच लागू, असं लोक धरून चालले. १९९६ साली ऑक्सिकॉन्टिन बाजारात आलं, कंपनीची माणसं दवाखान्या-दवाखान्यांत गेली. पाठदुखीला, गुडघ्याला, दात काढल्यावर, महिन्याच्या गोळ्या. पुढचं त्यानं दुकानाच्या काउंटरवरून पाहिलंय.
मी विचारलं, मग लोकांच्या गोळ्या एकदम बंद केल्यावर काय झालं?
तो थांबला. "तेही पाहिलं. २०१६च्या मार्गदर्शक सूचनांनंतर डॉक्टर घाबरले. कित्येकांनी झटक्यात बंद केल्या. लोक तडफडले. काही जण रस्त्यावरचं घ्यायला लागले, काहींनी जीव दिला. २०१९च्या एप्रिलमध्ये सरकारला सांगावं लागलं, असं एकदम तोडू नका."
म्हटलं, माझं हळूहळू चाललंय.
"किती हळू?"
सांगितलं. महिन्याला साधारण दहावा भाग.
"बरोबर आहे," म्हणाला. मग पावसाची चौकशी केली.

१ ऑगस्ट
होड्या निघाल्या. सहा. बाजारात स्वतः गेले, पिशवी डाव्या खांद्याला.

४ ऑगस्ट
रस्त्याकडची अर्धी वाडी विकायची म्हणतात हे. मुंबईचं गिऱ्हाईक आलंय, बंगला बांधणार. मोठं भांडण. इतक्या वर्षांत असं बोललो नव्हतो.
रात्री साडेअकरा. दहाच्या दोन घेऊन झाल्या आहेत. हात चार. म्हणजे चांगलाच.
आणि तरी गोळी आठवली. छातीत जे चाललंय ते शांत होईल, अजून एक घेतली तर. कपाटाकडे बघत बसले. हात दुखत नव्हता.
घेतली नाही. लिहून ठेवते आहे, म्हणजे उद्या म्हणता येणार नाही की वाटलंच नव्हतं.

५ ऑगस्ट
सकाळी सुनेला सांगितलं. डबा तिच्याकडे दिला. ती घाबरली, मग म्हणाली, "आई, मी वेळेवर काढून देत जाईन." दिवसाच्या मोजून वाटीत ठेवते. रात्रीच्या दोन दहालाच.

९ ऑगस्ट
वाटी पद्धत चालते आहे. पाच. टाकळ्याची भाजी निवडली.

१९ ऑगस्ट
नारळी पौर्णिमा. दादा आला, लालबागहून. साठी उलटून किती वर्षं झाली त्याला, पण बोटीचा धक्का ते घर रिक्षा न करता एस.टी.नंच आला. राखी बांधली. नारळीभात त्याला आवडतो.
दुपारी सगळे किनाऱ्यावर नारळ सोडायला गेले. आम्ही दोघंच ओटीवर. त्याला सगळं सांगितलं. जांभया, काटा, पायांची तगमग.
"टर्की," तो म्हणाला. "तीच गं. तुझी आणि माझी एकच. त्यात काही फरक नाही."
मी गप्प.
"पण टर्की ही नुसती अंगाची. आठ-दहा दिवसांत उतरते. मी मुक्तांगणातनं पहिल्यांदा बाहेर पडलो तेव्हा महिना होऊन गेला होता. अंगात काही नव्हतं. जेवत होतो, झोपत होतो, वजन वाढलं होतं. आणि पुणे स्टेशनवरनं घरी न येता थेट भायखळ्याला गेलो. पुलाखाली. टर्की नव्हती, दुखत नव्हतं, कुणाशी भांडण नव्हतं. तरी गेलो. तो आजार."
१९८८ची गोष्ट ती. येरवड्याला डॉ. अनिता अवचटांनी मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू करून दोन वर्षं झाली होती. दुसऱ्यांदा गेला, तेव्हापासून आजतागायत शिवला नाही. तरी अजून म्हणतो, "आजचा दिवस नाही."
मग म्हणाला, "पावडर मिळाली की मी घरातनं निघायचो. तू गोळी घेतलीस की स्वयंपाकघरात येतेस. मी सकाळपास्नं बघतोय."
त्याला ४ तारखेची रात्र सांगितली. वाटलं, काहीच नाही गं असं म्हणेल.
नाही म्हणाला. बराच वेळ बघत राहिला. "ते जप. ते माझ्याकडचं आहे."

२० ऑगस्ट
दादा सकाळच्या गाडीनं गेला. जाताना सुनेला बाजूला घेऊन काहीतरी बोलला. ती रडली. विचारलं नाही.

२२ ऑगस्ट
परळ. ४ तारखेचं पान डॉक्टरबाईंपुढे ठेवलं. त्यांनी पूर्ण वाचलं. "ही ओढ. वाटली, ती लिहिलीत, घरात सांगितलीत, डबा दुसऱ्याकडे दिलात. औषध बंद करायचं हे कारण नाही. पण लक्ष ठेवायचं कारण नक्की आहे. पुन्हा झालं तर पुढच्या तारखेची वाट बघू नका, फोन करा."
भांडणाचंही विचारलं. समुपदेशक बाईंशी बोलायला लावलं. तिथे खूप बोलले, वाडीबद्दलच जास्त.
आता संध्याकाळचीही अर्धी. ४५.

२६ ऑगस्ट
सात.

३० ऑगस्ट
आठ. केस विंचरता आले नाहीत. सुनेनं विंचरले.

३ सप्टेंबर
आठ. जांभया नाहीत, जुलाब नाहीत, काटा नाही. मग हे औषध तुटल्याचं नाही. दुखणंच आहे, आपलं खरं.
वहीत आज काम काहीच नाही.

७ सप्टेंबर
गणपती बसले. मोदकांचा नारळ मला खोवता आला नाही. खुर्चीवर बसून सारणात वेलची किती ते सांगितलं. हे आतबाहेर करत माझ्याकडे बघत होते.

१० सप्टेंबर
गौरी आल्या. आठ. माहेरवाशिणी आल्या, मी आतल्या खोलीत पडून. नणंद दारातून म्हणाली, "गोळ्या कमी केल्यात ना, मग आता बरं वाटायला हवं."
यांनी तिला बाहेर बोलावलं. यांचा आवाज ऐकू आला. "अक्का, गोळी कमी झाली म्हणून ती झोपून आहे. गोळी होती तेव्हा उभी होती."

१२ सप्टेंबर
गौरी-गणपती गेले. हे म्हणाले, वाडीचं या वर्षी राहू दे. कारण विचारलं नाही.

२० सप्टेंबर
परळ. वही दिली. जून, जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर. डॉक्टरबाईंनी कामाच्या ओळी बोटानं मोजल्या.
"५५ला तुम्ही स्वयंपाक करत होतात. ५०ला बाजारात जात होतात. ४५ला केस विंचरता येत नाहीत. मग ५०."
मी म्हटलं, बंद नाही व्हायचं?
"बंद करायचं असं मी कधी म्हटलं नव्हतं. कमीत कमी किती पुरतं ते शोधत होतो. सापडलं. सहा महिन्यांनी पुन्हा बघू. तेव्हा कमी होईल किंवा नाही होणार. रात्रीची ती ओढ वाढली तर वेगळा विचार करू, दुसरी औषधं आहेत." नसांच्या जळजळीवर वेगळी गोळी चालू आहे, तिचा डोस थोडा वाढवला. हाताच्या व्यायामाला रोज अर्धा तास. तो चुकवायचा नाही.
बोटीत हे म्हणाले, "म्हणजे आता हे असंच?"
"असंच."
"बरं," म्हणाले.

२४ सप्टेंबर
पाच. कांदेपोहे केले. नातवाचा निबंध तपासला.

२५ सप्टेंबर
कोळीवाड्यातून एक बाई आली. नवऱ्याच्या जबड्याचा कॅन्सर, पुढे उपचार नाहीत म्हणून घरी पाठवलंय. परळहून माझ्यासारख्याच गोळ्या दिल्यात. त्या ती देत नाही. फार ओरडला तर अर्धी देते. तीन-चार तासांनी तो पुन्हा मागतो, घड्याळाकडे बघत बसतो, हात धरतो, शिव्या देतो. शेजारचे म्हणाले, बघ, चटक लागली. तिनं डबा तांदळाच्या पिंपात लपवलाय.
ती म्हणाली, "बाई, तुम्ही पण घेता ना? म्हणून आले."

२६ सप्टेंबर
सकाळी तिच्याकडे गेले. तो भिंतीला टेकून बसलेला, तोंडाला फडकं. वयानं माझ्या दादाहून लहान.
त्याची चिठ्ठी वाचली. चार-चार तासांनी एक, रात्री दोन. त्याला मिळत होतं ते याच्या पावपटही नाही. गोळीचा असर चार तास राहतो, मग दुखणं परत येतं. तो मागतो ते म्हणून मागतो. पुरेसं दिलं की मागणं थांबतं का, ते आधी बघायचं. दुखणारा माणूस घड्याळ बघणारच.
कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दिलं. ६, १०, २, ६, १०. पोट साफ व्हायचं औषध वेगळं लिहिलं, ते तिनं आणलंच नव्हतं. फार गुंगी आली, हाक मारून उठेना, श्वास मंद झाला तर पुढची गोळी द्यायची नाही आणि लगेच फोन करायचा, हेही लिहिलं. डबा पिंपात नको, कुलपात हवा. घरात तरुण पोरं आहेत.
त्यांच्या डॉक्टरांना माझ्या फोनवरून फोन लावून दिला. त्यांनीही तेच सांगितलं.

२८ सप्टेंबर
काल तो रात्रभर झोपला. सकाळी पेज मागितली. शिवी नाही दिली.

३० सप्टेंबर
पाच. संध्याकाळी तिच्याकडे. तो ओट्यावर बसून जाळ्याची गाठ कशी मारायची ते पोराला खुणेनं दाखवत होता. त्याला बोलता येत नाही फारसं. दोनची गोळी झाली होती, सहाची व्हायची होती, त्यानं विचारलं नाही.
ती मला दारापर्यंत सोडायला आली. अजून भीती आहेच. "बाई, तरी चटक लागली तर?"
मी म्हटलं, "लागते आहे का, ते तू बघ, मी बघते, डॉक्टर बघतील. मला विचारतात तसं त्यांनाही विचारत राहू. पण त्यांना दुखत ठेवून नाही बघायचं."